लोखंड टिकते, रबर थकते

इंग्लंडमध्ये थेम्स नदीच्या काठी ॲबिंग्डन नावाचे गाव आहे. तेथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात 'एमजीबी' नावाची स्पोर्ट्‌स मोटारगाडी तयार होत असे. बुटकी, लांब नाकाची, बहुधा उघड्या टपाची. 'एमजी' ही अक्षरे 'मॉरिस गॅरेजेस' या मूळ नावावरून आलेली आहेत. अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या, त्यांतल्या पुष्कळशा अमेरिकेला गेल्या, आणि कारखाना बंद पडून इतकी वर्षे झाली तरी हौशी मंडळी त्या आजही चालवतात.

या गाडीचे इंजिन आपल्याला अगदीच परके नाही. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतले हे १७९८ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन. याच मालिकेतले १४८९ घनसेंटिमीटरचे धाकटे भावंड आपल्या हिंदुस्थान ॲम्बॅसडरमध्ये वर्षानुवर्षे धावत होते. तुमच्या गावातल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीने ॲम्बॅसडर उघडली असेल, तर एमजीबीचे बॉनेट उचलून दिल्यावर त्याला ओळख पटायला वेळ लागणार नाही.

आता एक गंमत पाहा. साठ वर्षांच्या या गाडीतला बिडाचा ठोकळा पूर्वी होता तसाच असतो. दट्टे, दांडे, झडपा झिजल्या तरी दुरुस्त होतात. पण या सगळ्या धातूच्या पसाऱ्यामध्ये हातभर लांबीच्या काही रबरी नळ्या असतात. गॅरेजमध्ये त्यांना 'होजपाइप' म्हणतात. त्या मात्र दहा वर्षेसुद्धा निर्धास्तपणे वापरता येत नाहीत. आणि त्यांतली एक जरी फुटली, तरी काही मिनिटांत ते बिडाचे इंजिन निकामी होऊ शकते. तेव्हा या नळ्या का थकतात, थकल्या हे कसे ओळखावे आणि त्या बदलाव्या कशा, हे आज पाहू.

पेट्रोल जाळून जी उष्णता मिळते तिच्यापैकी स्थूलमानाने एक तृतीयांशापेक्षाही कमी भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. तितकाच किंवा थोडा अधिक भाग धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला इंजिनाच्या धातूत शिरतो. हा शेवटचा भाग सतत काढून घेतला नाही, तर वंगण तेल पातळ होऊन जळू लागेल, दट्टे फुगून सिलिंडरमध्ये अडकतील. म्हणून सिलिंडरांभोवती पोकळ जागा ठेवून तीतून पाणी खेळवतात. पाणीच का? कारण सहज मिळणाऱ्या द्रवांमध्ये पाण्याची विशिष्ट उष्णता फार मोठी आहे. स्वतः फारसे न तापता ते पुष्कळ उष्णता वाहून नेते.

पाण्याचा प्रवास असा असतो. इंजिनाच्या तोंडाशी पट्ट्याने फिरणारा पंप पाणी ठोकळ्यात ढकलतो. ते सिलिंडरांभोवती फिरून वर डोक्यात, म्हणजे हेडमध्ये, चढते. तेथून थर्मोस्टॅट नावाच्या झडपेतून वरच्या होजपाइपने रेडिएटरच्या माथ्यावर येते. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्याने निवते आणि खालच्या होजपाइपने पुन्हा पंपाकडे जाते. याखेरीज थंड देशातली गाडी असल्यामुळे हेडच्या मागच्या बाजूला एक तोटी असते. तीतून गरम पाणी बैठकीतल्या हीटरकडे जाते व परत येते. त्यासाठी बारीक व्यासाच्या आणखी नळ्या लागतात.

तुम्ही विचाराल, मग या नळ्या तांब्याच्याच का करीत नाहीत? इंजिन गाडीला रबरी बैठकांवर बसवलेले असते. चालू होताना, बंद होताना, गिअर बदलताना ते डुलते. रेडिएटर मात्र गाडीच्या सांगाड्याला पक्का जखडलेला. एक डुलतो, दुसरा हलत नाही. मध्ये ताठ नळी घातली तर रोज हजारो वेळा तिला पीळ बसून ती किंवा रेडिएटरचा नाजूक डाखलेला जोड तुटेल. म्हणून मध्ये लवचिक दुवा हवा. रबर तेथे आले ते या कारणाने, स्वस्त म्हणून नव्हे.

दाब किती?

रेडिएटरचे झाकण हे साधे झाकण नसते. त्यात स्प्रिंग लावलेली झडप असते. ठरावीक दाब येईपर्यंत ती उघडत नाही. पुष्कळशा एमजीबी गाड्यांत हा दाब सुमारे १० पौंड प्रतिचौरस इंच, म्हणजे जवळजवळ ०.७ किलोग्रॅम प्रतिचौरस सेंटिमीटर असतो. गाडी कोणत्या वर्षीची आहे त्याप्रमाणे तो कमीजास्त होतो. घरच्या प्रेशर कुकरमध्ये जे घडते तेच येथे घडते. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वर सरकतो. वातावरणाच्या दाबाहून ०.७ किलोग्रॅम जादा दाब असेल, तर पाणी १०० ऐवजी ११५ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. त्यात इथिलीन ग्लायकॉल निम्म्याने मिसळले तर उत्कलनबिंदू आणखी चढतो, आणि हे मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. इंग्लंडच्या हिवाळ्यात हे दुसरे काम अधिक महत्त्वाचे. कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते आणि बिडाचा ठोकळासुद्धा चिरू शकते.

आता हा दाब नळीला काय करतो ते कागदावर मांडून पाहा. वरच्या होजपाइपचा आतला व्यास ३.५ सेंटिमीटर धरू. तिच्या १ सेंटिमीटर रुंदीच्या एका कड्याची कल्पना करा. हे कडे उभे दुभागू पाहणारे बल म्हणजे दाब गुणिले व्यास गुणिले रुंदी, म्हणजे ०.७ × ३.५ × १, जवळजवळ २.५ किलोग्रॅम. हा भार समोरासमोरच्या दोन भिंतींत वाटला जातो. प्रत्येक भिंतीच्या वाट्याला सव्वा किलो. हीटरच्या नळीचा व्यास १.३ सेंटिमीटर धरला तर हाच भार अर्ध्या किलोच्या आत येतो. तेव्हा दाब तोच असला तरी जाड नळीच्या भिंतीवर ताण जास्त पडतो. म्हणूनच होजपाइपच्या रबरात धाग्यांची जाळी विणून घातलेली असते. रबर पाणी अडवते, ताण मात्र धागा सोसतो.

एवढ्यावर भागत नाही. नळीच्या टोकाशी पाण्याचा दाब तिला तोटीवरून बाहेर ढकलत असतो. आतल्या छेदाचे क्षेत्रफळ काढा. १.७५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ९.६ चौरस सेंटिमीटर. त्याला ०.७ ने गुणले की पावणेसात किलो! म्हणजे गाडी तापलेली असताना जणू पावणेसात किलोचे वजन नळीला टांगून ठेवलेले असते. तिला तोटीवर धरून ठेवते ती केवळ क्लिपची पकड.

ही क्लिप म्हणजे एक छानसे यंत्रच आहे. पोलादी पट्टीवर तिरप्या खाचा आणि त्यांत अडकलेला स्क्रू. स्क्रूचा एक फेरा फिरवला की पट्टी एकच खाच पुढे सरकते. स्क्रू-ड्रायव्हर हाताने आरामात फिरवला तरी पट्टीत मोठा ताण येतो, आणि पट्टीकडून उलटा ताण आला तरी स्क्रू आपोआप मागे फिरत नाही. ही कल्पना ब्रिटिश नौदलातील कमांडर लम्ली रॉबिन्सन यांची. त्यांनी १९२१ मध्ये तिचे एकस्व घेतले. इंग्लंडमध्ये तिला 'ज्युबिली क्लिप' म्हणतात आणि आपल्याकडे घरगुती गॅसच्या रबरी नळीवर हिचीच बहीण तुम्ही पाहिली असेल.

रबर का थकते?

झाडाचा चीक वाळवून केलेले कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक होते. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना रबर व गंधक एकत्र तापवल्यास हा दोष जातो असे आढळले. रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. गंधकाचे अणू या साखळ्यांमध्ये जागोजाग पूल बांधतात. ताणले की साखळ्या सरळ होतात, सोडले की पुलांमुळे पुन्हा जागेवर येतात.

रबराच्या म्हातारपणाचे बीजही याच रचनेत आहे. तापलेल्या इंजिनाशेजारी हवेतला ऑक्सिजन साखळ्यांवर हळूहळू क्रिया करतो. काही ठिकाणी नवे पूल बनतात, मग रबर लाकडासारखे कडक होते. काही ठिकाणी साखळ्या तुटतात, मग ते चिकट व लिबलिबीत होते. हवेत अत्यल्प प्रमाणात असणारा ओझोन तर फारच खट्याळ. नैसर्गिक रबराच्या साखळीत कार्बनचे दुहेरी बंध असतात आणि ओझोन नेमका तेथेच घाव घालतो. ज्या भागावर ताण आहे तो आधी चिरतो, आणि चिरा ताणाच्या दिशेला आडव्या पडतात.

हा प्रयोग तुम्हाला घरी करता येईल. एकाच पाकिटातली दोन रबरबँडे घ्या. एक फळीला मारलेल्या दोन खिळ्यांत दुप्पट लांबीपर्यंत ताणून ठेवा, दुसरे शेजारी सैल ठेवा. फळी गच्चीवर उघड्या हवेत, पण सावलीत ठेवा आणि दर दोन दिवसांनी भिंगातून पाहा. कोणते आधी चिरते, चिरा कोणत्या दिशेने आहेत, याची तारीखवार नोंद करा. शिक्षकांनी वर्गात एक फळी उन्हात आणि एक कपाटात ठेवून तुलना करावी.

आजच्या होजपाइपांत बहुधा नैसर्गिक रबर नसते. इथिलीन, प्रोपिलीन आणि थोड्या प्रमाणात तिसरा एक घटक जोडून केलेले 'ईपीडीएम' नावाचे कृत्रिम रबर असते. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नाहीत, त्यामुळे ओझोनला दाद लागत नाही. उष्णताही ते चांगली सोसते. पण त्याचे वैर खनिज तेलाशी आहे. इंजिनाचे तेल वरून ठिबकत राहिले तर ते फुगून मऊ पडते.

आणखी एक शत्रू तर डोळ्यांना दिसतही नाही. रबर काळे दिसते ते त्यात घातलेल्या काजळीमुळे, आणि काजळीतून थोडीशी वीज वाहू शकते. एका बाजूला धातूची तोटी, दुसऱ्या बाजूला काजळी असलेले रबर आणि मध्ये क्षार विरघळलेले पाणी. हा तर विद्युतघटच झाला! या घटाच्या क्रियेने नळीच्या आतल्या अंगाला, विशेषतः टोकांजवळ, लांबट बारीक चिरा पडतात. त्यांतून पाणी धाग्यांच्या जाळीपर्यंत पोचते आणि जाळी कुजते. बाहेरून नळी नवीकोरी दिसते आणि एके दिवशी घाटात फुटते. म्हणून नुसते वरवर पाहून 'ठीक आहे' म्हणणारा मिस्त्री मला कधीच पटत नाही. नळी हाताने चाचपलीच पाहिजे.

चाचपायची ती इंजिन पूर्ण थंड असताना. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये नळी प्रथम मधोमध दाबा, मग दोन्ही टोकांजवळ क्लिपच्या लगत दाबा. टोके मधल्या भागापेक्षा मऊ लागली किंवा आत भेग असल्यासारखे जाणवले, तर आतून चिरा पडल्या आहेत असे समजावे. दाबताना करकर आवाज आला, नळी ताठ लागली, बाहेर फुगवटा दिसला किंवा क्लिपजवळ पांढरट-हिरवट खवले साचलेले आढळले, तर ती बदलण्याची वेळ टळून गेली आहे. खालच्या नळीवर विशेष लक्ष द्यावे. ती पंपाच्या ओढीच्या बाजूला असते. ती मऊ पडली तर इंजिन वेगात फिरताना आतल्या आत चपटी होते आणि पाणी अडते. काही गाड्यांत एवढ्यासाठी तिच्यात तारेची स्प्रिंग घालतात. वरची नळी गाडी निवल्यावर चपटी झालेली दिसली तर मात्र दोष बहुधा झाकणाचा असतो. आत हवा घेणारी त्याची छोटी झडप अडकलेली असते.

प्रत्यक्ष काम

पहिला नियम एकच. गरम इंजिनाचे झाकण उघडायचे नाही. का, ते गणिताने पाहा. आत ५ लिटर पाणी ११० अंशांवर आहे असे धरू. झाकण उघडताच दाब उतरतो आणि उत्कलनबिंदू १०० वर येतो. पाण्याला १० अंश निवावे लागते. म्हणजे ५००० ग्रॅम गुणिले १०, एकूण ५०,००० कॅलरी उष्णता मोकळी होते. १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी लागतात. तेव्हा सुमारे ९३ ग्रॅम पाण्याची एकदम वाफ होते. १ ग्रॅम वाफ १०० अंशांवर सुमारे १.६७ लिटर जागा व्यापते. म्हणजे क्षणार्धात दीडशे लिटरांहून अधिक वाफ! ती उकळते पाणी बरोबर घेऊन थेट तोंडावर येते.

गाडी सपाट जागी उभी करून रात्रभर निवू द्यावी. झाकण काढावे, हीटरची कळ 'गरम'वर ठेवावी, म्हणजे त्याची झडप उघडी राहते. रेडिएटरला खाली तोटी असल्यास ती उघडावी, नसल्यास खालच्या होजपाइपचे टोकच सोडवावे लागते. साडेपाच लिटरांच्या आसपास पाणी येईल. ते परातीत धरावे. ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी आहे. शरीरात गेल्यावर त्याचे ऑक्झॅलिक आम्ल बनते आणि कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. गॅरेजमध्ये सांडलेले पाणी चाटून कुत्री-मांजरे मरतात. तेव्हा परात उघडी ठेवायची नाही आणि पाणी गटारात ओतायचे नाही.

क्लिप सैल केल्यावर नळी सहसा निघत नाही. वर्षानुवर्षे तापून ती तोटीला चिकटलेली असते. येथेच नवशिका माणूस घात करतो. पक्कड लावून पिळतो, आणि रेडिएटरची पातळ पितळी तोटी वाकते किंवा तिचा डाख सुटतो. जुनी नळी जाणारच आहे. मग तिची कीव कशाला? धारदार सुरीने तोटीवरचा भाग लांबीच्या दिशेने चिरावा आणि केळ्याच्या सालीसारखा सोलून काढावा. धार धातूपर्यंत जोराने दाबू नये, कारण तोटीवर ओरखडा पडला की तेथूनच पुढे गळती सुरू होते.

तोटी उघडी पडली की तिची अवस्था नीट न्याहाळा. चिकटलेले रबर व क्षार बारीक पॉलिश कागदाने काढून ती गुळगुळीत करावी. कामाचा अर्धा वेळ यातच जावा असे मी म्हणेन. नवी नळी कितीही उत्तम असली तरी खडबडीत तोटीवर ती गळणारच.

नवी नळी मूळ आकाराची, साच्यात वळवलेली घ्यावी. सरळ नळी वाकवून बसवली तर वळणावर तिला मोड पडते आणि वाट अरुंद होते. काही हौशी लोक निळ्या किंवा लाल सिलिकोन नळ्या लावतात. त्या उष्णतेला पुष्कळ टिकतात. पण त्या मऊ असल्याने खाचांची पट्टी त्यांत रुतते, आतून गुळगुळीत असलेल्या क्लिपा वापराव्या लागतात. शिवाय जुन्या गाडीचे बॉनेट उघडल्यावर ती निळाई पाहून जाणकारांच्या कपाळाला आठ्या पडतात. हा रुचीचा प्रश्न झाला.

क्लिपा आधी नळीवर ओवाव्यात. (हे विसरणारे दर गॅरेजमध्ये एक तरी असतात.) तोटीला साबणाचे पाणी लावावे. ग्रीस किंवा तेल लावू नये, त्याचे कारण वर आलेच आहे. नळी तोटीच्या उंचवट्यापलीकडे पुरेशी सरकवावी आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागे, नळीच्या कडेपासून थोडी आत बसवावी. उंचवट्यावरच क्लिप आवळली तर पावणेसात किलोंच्या त्या ओढीने ती घसरते. आवळताना रबर पट्टीच्या कडांनी किंचित उचलले गेले की थांबावे. हीटरच्या नळ्याही याच वेळी बदलाव्यात. त्या अवघड जागी असतात म्हणून लोक टाळतात, पण फुटायला त्यांना जागेची अडचण होत नाही. याच घराण्यातल्या मिनी गाडीत पंप आणि हेड यांच्यामध्ये बोटभर लांबीची एक वळसा-नळी असते. सगळ्यांत लहान आणि बदलायला सगळ्यांत त्रासाची!

आता पाणी भरणे. ग्लायकॉल आणि शुद्ध केलेले पाणी समसमान घेऊन रेडिएटरच्या तोंडातून सावकाश ओतावे. विहिरीचे किंवा नळाचे जड पाणी घेतले तर आत किटण साचते. मधून मधून वरची नळी हाताने दाबत राहावे. बुडबुडे वर येतील. अडकलेली हवा फार त्रासदायक असते, कारण ती पंपाने नीट ढकलली जात नाही आणि धातूवरची उष्णता उचलत नाही. झाकण न लावता इंजिन मंद गतीने चालू करावे आणि हात पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर ठेवावेत. आठ-दहा मिनिटे वरची नळी थंडच राहील. थर्मोस्टॅटमधले मेण ८२ अंशांच्या आसपास वितळून फुगते, झडप उघडते, आणि वरची नळी एकाएकी गरम होते. त्याच क्षणी रेडिएटरमधली पातळी बहुधा खाली जाते. तेवढी भर घालून झाकण लावावे.

गळतीबाबत एक फसवी गोष्ट चालकाने जाणून असावी. नळी फुटून पाणी निघून गेले की तापमानाचा काटा नेहमी वर जाईलच असे नाही. मोजणारा फुगा पाण्यात बुडालेला असतो. भोवती पाणीच उरले नाही तर काटा खालीही येऊ शकतो. चालकाला वाटते गाडी निवली, आणि इकडे हेड तापून वाकते, हेड गॅस्केट जळते. म्हणून बॉनेटमधून वाफ किंवा गोडसर वास आला की काट्याकडे न पाहता इंजिन ताबडतोब बंद करावे.

पहिली फेरी मारून आल्यावर गाडी पुन्हा पूर्ण निवू द्यावी आणि सगळ्या क्लिपा एकदा तपासाव्यात. रबर तापून थोडे दबते, त्यामुळे क्लिप पाव-अर्धा फेरा सैल झालेली आढळते. आणि काढलेली जुनी नळी लगेच फेकू नका. ती धुऊन, दोन्ही टोकांपासून उभी कापून उजेडात धरा. मधला भाग काळा-गुळगुळीत आणि तोटीलगतचा भाग आतून बारीक चिरांनी भरलेला दिसला, तर ती वरून चांगली दिसत असताना काय होऊ घातले होते ते तुमच्या हातातच आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवण्यासारखा तो नमुना आहे.